तोलांक एकाहत्तर

शालनबाई शिंगटे ज्या दिवशी पडल्या, त्या दिवशी त्यांचा तोलांक एकाहत्तर होता. सकाळी आठ वाजता कंबरेच्या पट्ट्यानं तो आकडा हिरव्या अक्षरांत पुण्याला त्यांच्या मुलीच्या फोनवर पाठवला होता आणि मुलीचा उलट निरोप आला होता, 'शाब्बास आई.' साडेनऊच्या सुमारास शेजारच्या पवारांचं वासरू दावं तोडून अंगणात शिरलं. उधळताना त्याचा खांदा शालनबाईंच्या मांडीला निसटता लागला आणि बाई खांब कोसळावा तशा डाव्या अंगावर सरळ आडव्या झाल्या. ना पाय पुढं पडला, ना हात नीट टेकला. डाव्या मनगटाचं हाड मोडलं.

पट्ट्यानं आपलं काम चोख केलं. आठ सेकंदांत मुलीला, पाटणच्या आरोग्य केंद्राला आणि कराडच्या पुनर्वसन केंद्राला पडल्याची खबर गेली. शालनबाई मात्र तुळशीपाशी आडव्या पडल्यापडल्या एकच विचार करत होत्या, की आता हे लोक मला या घरात राहू देणार नाहीत.

ही भीती उगाच नव्हती. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे २०३९च्या उन्हाळ्यात, त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. मेंदूच्या उजव्या बाजूची एक रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली आणि डावा हात-पाय लुळा पडला. उपचार वेळेत मिळाले. वाचा शाबूत राहिली, हात बराचसा परतला, पाय मात्र परतला तो अर्धामुर्धा. चालताना त्याला प्रत्येक वेळी मनातून हुकूम द्यावा लागे: उचल, टाक, आता भार घे. ज्या बाईनं एसटीत चौतीस वर्षं वाहक म्हणून काढली, त्यातली बरीचशी पाटण-चिपळूण गाडीवर, कुंभार्ली घाटात, दोन्ही हातांत तिकिटाचं यंत्र घेऊन आणि कशालाही न धरता, तिला आता स्वयंपाकघरातून अंगणात जायला विचार करावा लागत होता.

तो पट्टा पुनर्वसन केंद्रानं दिला होता. आपण स्तब्ध उभे आहोत असं आपल्याला वाटतं, पण उभा माणूस कधीच स्तब्ध नसतो. घोट्यावर उभा केलेला तो एक उलटा लंबक असतो. सारखा कुठं ना कुठं कलत असतो आणि मेंदू त्याला सारखा मागं ओढत असतो. हे कलणं बोटभरसुद्धा नसतं, म्हणून दिसत नाही. पट्ट्यातल्या तांदळाएवढ्या दोन सेन्सरांना ते दिसतं. एक सेन्सर शरीर कुठल्या बाजूला किती झपाट्यानं ढकललं जातंय ते टिपतो, दुसरा ते किती अंशानं झुकलं आणि वळलं ते. सेकंदाला शंभर वेळा ही नोंद होते आणि त्यातून शून्य ते शंभर असा एक आकडा निघतो. डुलणं जितकं कमी, तितका तोलांक जास्त. अर्धांगाच्या झटक्यानंतर डुलणं वाढतं, भार चांगल्या पायावर सरकतो, मेंदूचा हुकूम उशिरा पोचतो. तेव्हा कमी आकडा म्हणजे पडण्याचा धोका, हे गणित सरळ होतं आणि सगळ्यांना पटलं होतं.

इतकं पटलं, की त्यावर नियम आला. झटका येऊन गेलेलं, एकट्यानं राहणारं माणूस सहा महिने सलग पन्नासच्या खाली राहिलं, तर जिल्ह्याची ज्येष्ठ सुरक्षा समिती त्याची एकट्यानं राहण्याची परवानगी काढून घेई. मग नातेवाइकाकडं जायचं, नाहीतर निवासकेंद्रात. नियमामागचा हेतू चांगला होता. एकट्या घरात पडून दोन-दोन दिवस कुणाला न कळलेल्या म्हाताऱ्यांच्या बातम्या लोक विसरले नव्हते.

शालनबाईंना पुण्याला जायचं नव्हतं. मुलगी ऋतुजा चांगली होती, जावई भला होता, पण त्यांचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर होता आणि पाटणचं घर शालनबाईंनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. यजमान गेल्यावर त्या इथंच राहिल्या होत्या. केरा नदीकडून येणारा वारा, पवारांची गुरं, सकाळी सहाची पहिली गाडी स्टँडातून निघाल्याचा आवाज, एवढ्यात त्यांचं सगळं होतं.

ऋतुजा पुण्याच्या पाणीपुरवठ्याच्या नियंत्रण कक्षात होती. समोरच्या पडद्यावर शेकडो जलवाहिन्यांचा दाब बघायचा आणि कुठं आकडा लाल झाला की लगेच हालचाल करायची, हे तिचं काम. आईचा आकडाही ती तशीच बघू लागली. तोलांक पंचेचाळीसवर घसरला की पाटणला फोन वाजे. आई, कुठं उभी आहेस? काही धरलंयस का? बस आधी. शालनबाई बसत. फोन ठेवला की पुन्हा उठायचा धीर होत नसे. हळूहळू त्यांना उमगलं, की अंगण झाडताना आकडा पडतो, कपडे वाळत घालताना पडतो, आणि भिंतीपाशी नुसतं ताठ उभं राहिलं की चढतो. त्या अंगण झाडायच्या थांबल्या. वर्षभरात तोलांक बेचाळीसचा एकाहत्तर झाला. मुलगी खूश झाली, केंद्र खूश झालं, समितीनं हिरवा शिक्का मारला. आणि मग ते वासरू आलं.

प्लास्टर घातल्यावर कराडच्या केंद्रात त्यांच्यासमोर निलोफर मुलाणी बसली. ही केंद्रातली फिजिओथेरपिस्ट. वय पस्तिशीचं, मूळची उंब्रजची, आणि झटक्यानंतरचा तोल हाच तिच्या संशोधनाचा विषय. पट्ट्याचं गणित बसवणाऱ्या गटात ती स्वतः होती. तिनं पडण्याआधीच्या दहा सेकंदांचा आलेख पडद्यावर लावला होता. रेघ जवळजवळ सपाट होती, आणि मग एकदम कडा तुटावा तशी खाली गेली होती.

"मावशी, खरं सांगा. उभं राहायच्या चाचणीला तुम्ही काय करता?"

शालनबाईंनी मुलीकडं बघितलं. ऋतुजा पुण्याहून तशीच धावत आली होती, तिचे केससुद्धा विंचरलेले नव्हते.

"श्वास धरते," शालनबाई म्हणाल्या. "गुडघे आवळते. पायाची बोटं जमिनीत रुतवते. आकडा वर जातो."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"आकड्यानंच."

मग शालनबाईंनीच पुढं सांगितलं, की हे चूक आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. एसटीत नवीन वाहक आला की पहिला आठवडा तो असाच ताठ उभा राहतो आणि घाटातल्या पहिल्या वळणाला कुणाच्यातरी मांडीवर जाऊन बसतो. गाडीत उभं राहायचं तर अंग गाडीला द्यावं लागतं. गुडघे सैल, टाचा हलक्या, कंबर मोकळी. जो हलतो तो टिकतो. हे त्यांनी स्वतः कितीतरी पोरींना शिकवलं होतं. "पण तुमच्या पट्ट्याला हललेलं चालत नव्हतं," त्या म्हणाल्या, "आणि मला माझं घर हवं होतं."

त्या वाक्यानं निलोफरची झोप उडाली. पुढचे दोन आठवडे तिनं केंद्राच्या दोनशे बारा रुग्णांच्या नोंदी उपसल्या. कुणाचा तोलांक किती होता आणि त्यानंतरच्या महिन्यात कोण पडलं, हे एकाखाली एक मांडलं. अगदी कमी आकड्याचे लोक पडत होते, ते अपेक्षितच होतं. पण ज्यांचा आकडा थोड्या काळात झपाट्यानं चढला होता, ते त्यांच्याहूनही जास्त पडले होते. सगळे शालनबाईंसारखेच. घाबरून अंग ताठ केलेले, खांबासारखे स्तब्ध, आणि धक्का लागला की खांबासारखेच कोसळणारे. यंत्रानं मोजायचं ते बरोबर मोजलं होतं. माणसांनी त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता. माणूस किती कमी डुलतो, यापेक्षा डुलल्यावर किती लवकर सावरतो, हे विचारायला हवं होतं.

निरोगी माणसाला धक्का बसला, की सेकंदाच्या दहाव्या भागात पायाचे स्नायू कामाला लागतात. हा निर्णय विचार करून होत नाही, विचार करायला तेवढा वेळच नसतो. तो मेंदूच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू आणि त्याखालचा मेंदूचा देठ परस्पर घेतात. शालनबाईंचा लहान मेंदू धडधाकट होता. झटका बसला होता तो वरच्या भागाला, जिथून हुकूम देऊन हालचाल होते. आणि गेली दोन वर्षं त्या प्रत्येक पाऊल हुकूम देऊन टाकत होत्या. जे काम हाताखालच्या जाणत्या माणसानं मुकाट्यानं केलं असतं, त्यात आजारी साहेब सारखा लुडबूड करत होता.

निलोफरनं ठरवलं, की शालनबाईंना चालत्या एसटीत उभं करून मोजायचं. कंबरेला पट्टा, दोन्ही बुटांत दाब मोजणाऱ्या चकत्या, पिंढऱ्यांवर स्नायूंचे सेन्सर आणि छताच्या दांडीला बांधलेला सैल सुरक्षा-पट्टा. मात्र नियमाप्रमाणे यासाठी नोंदणीकृत नातेवाइकाची सही लागत होती, आणि ऋतुजानं सही द्यायला साफ नकार दिला.

मायलेकींचं असं भांडण कधी झालं नव्हतं. ऋतुजाचं म्हणणं सरळ होतं. मनगट मोडलंय, उद्या खुबा मोडेल. ताठ उभं राहणं सोडल्यापासून आकडा अडतीसवर आलाय, सहा महिने असाच राहिला तर पुण्याला यायचंच आहे, मग आत्ताच ये ना. शालनबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ऋतू, तू माझी काळजी करतेस की त्या फोनची?" ऋतुजा उठून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला परतली आणि चार दिवस फोन आला नाही.

त्या चार दिवसांत काय झालं ते तिनं आईला पुष्कळ नंतर सांगितलं. आईच्या प्रश्नाचा तिला राग आला होता आणि आपलंच बरोबर आहे हे दाखवण्यासाठी तिनं पट्ट्याची वर्षभराची सगळी नोंद उतरवून घेतली. दाबाचे आलेख वाचण्यात तिचं आयुष्य गेलेलं. तिनं एका रेघेवर आपले फोन मांडले आणि दुसऱ्या रेघेवर आई दिवसात किती वेळ पायांवर असते ते. पट्ट्यानं तिला वर्षात चारशे बारा वेळा सावध केलं होतं. त्यातल्या एकाही वेळी आई पडलेली नव्हती. पण प्रत्येक फोननंतर आई बसली होती आणि तासन्‌तास उठली नव्हती. वर्षाच्या सुरुवातीला ती दिवसाचे चार-सव्वाचार तास उभी असायची. वासरू आलं त्या आठवड्यात ती जेमतेम चाळीस मिनिटं उभी होती. नळातली गळती शोधावी तशी ऋतुजा त्या रेघेवरून बोट फिरवत गेली आणि गळती जिथं सापडली, तिथं तिचं स्वतःचं नाव होतं.

पाचव्या दिवशी निलोफरकडं सही केलेला कागद पोचला. सोबत निरोप होता: त्या दिवशी मीही गाडीत असेन, पण मी कुठं बसायचं ते आई ठरवेल.

आईनं तिला सर्वांत मागच्या बाकावर बसवलं.

गाडी पाटणहून कोयनानगरच्या रस्त्याला लागली. आता एसटीत वाहक नव्हते. तिकीट दारातच आपोआप निघायचं. चालक मात्र घाटाच्या मार्गांवर अजून माणूसच असे. शालनबाई मधल्या वाटेत उभ्या राहिल्या. पहिली वीस मिनिटं वाईट गेली. त्या दोनदा सुरक्षा-पट्ट्यात लोंबकळल्या. मनात तेच चालू होतं, उचल, टाक, भार घे, आणि दर वेळी हुकूम पोचेपर्यंत गाडी पुढच्या हिसक्यावर गेलेली असे. ऋतुजानं समोरचा दांडा दोन्ही हातांनी आवळून धरला होता. ती जागची उठली मात्र नाही.

तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या एका म्हातारीनं मागं वळून विचारलं, की तुम्ही त्या शिंगटे कंडक्टर ना? मला एकदा हेळवाकला माझी पडलेली चप्पल गाडी थांबवून उचलून दिली होती तुम्ही. शालनबाईंना ती आठवली. चप्पलही आठवली, लाल पट्ट्याची. त्या बोलायला लागल्या. म्हातारीचा मुलगा काय करतो, सून कुठली, गावात पाणी आलं का. गाडी वळणं घेत होती, निलोफर पडद्याकडं बघत होती, आणि बघता बघता तिनं मागं वळून ऋतुजाला खुणेनं जवळ बोलावलं.

जमिनीवर शालनबाईंच्या डाव्या पायाला सावरायला सेकंदाचा पाव भाग लागत होता. आता, गप्पा मारता मारता, तो वेळ निम्म्यावर आला होता. वळण येण्याआधी त्यांची कंबर आत झुकत होती. चालकानं वेग कमी केला की टाचा हलक्या होत होत्या. आणि त्याच मिनिटाला जुन्या हिशेबानं त्यांचा तोलांक होता एकोणीस. लालभडक.

"हा आकडा खोटा नाही," निलोफर ऋतुजाला म्हणाली. "फक्त आईंबद्दल तो काही सांगत नाही."

केंद्रातल्या वरिष्ठांनी शंका काढली. बाई चौतीस वर्षं गाडीत उभ्या होत्या, त्यांच्या अंगात ते मुरलेलंच आहे. ज्यांनी आयुष्य खुर्चीत काढलं त्यांचं काय? प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर वाद घालून मिळणार नव्हतं. निलोफरनं मोडीत निघालेल्या एका बसचा सांगाडा मागून घेतला, केंद्राच्या आवारात विजेच्या मोटारींवर बसवला आणि तो कुठल्याही क्षणी, कुठल्याही बाजूला, न सांगता हलेल असा केला. बारा माणसं निवडली, सगळी साठीच्या पुढची, सगळी झटका येऊन गेलेली. त्यांत एक गुरव गुरुजी होते, निवृत्त प्राथमिक शिक्षक, ज्यांनी वर्षभर काठीशिवाय अंगणही ओलांडलं नव्हतं. शिकवायला शालनबाई.

हाताचं प्लास्टर निघायच्या आधीच त्या आठवड्यातून तीनदा कराडला जाऊ लागल्या. त्यांची शिकवण्याची पद्धत त्यांचीच होती. सगळ्यांना सांगाड्यात उभं करायचं, छताचे पट्टे बांधायचे आणि मग कुणाला पाढे म्हणायला लावायचं, कुणाला आमटीची कृती सांगायला लावायची, कुणाला आपल्या लग्नातला गोंधळ सांगायला. पायांकडं लक्ष गेलं की त्या टोकत. पायांना त्यांचं कळतं, तुम्ही पुढचं सांगा. पहिल्या महिन्यात माणसं पट्ट्यात लोंबकळून लोंबकळून वैतागली आणि दोघं सोडून गेली. शालनबाई त्या दोघांच्या घरी जाऊन त्यांना परत घेऊन आल्या. तिसऱ्या महिन्यात गुरव गुरुजींनी गणपतीची आरती पूर्ण म्हटली आणि तेवढ्या वेळात सांगाडा एकवीस वेळा हलला होता, हे त्यांना नंतर सांगावं लागलं.

पण नियम नियमाच्या जागी होता. पाचवा महिना संपला तेव्हा शालनबाईंचा अधिकृत तोलांक त्रेचाळीस होता. बारांपैकी सात जण एकट्यानं राहत होते आणि सातही जण लाल रेघेखाली होते, कारण सैल उभं राहणारा माणूस डुलतो. समितीकडून पत्रं आली. निलोफरनं आपले दोनशे बारा रुग्णांचे आलेख समितीचे अध्यक्ष डॉ. हेमंत वाघुळदे यांच्यापुढं ठेवले आणि एकच मागणी केली: घाटात चला आणि बघा.

वाघुळदे कठोर माणूस नव्हते. त्यांची स्वतःची आई न्हाणीघरात पडली होती आणि ते दौऱ्यावर असल्यानं संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. त्यातून ती उठली नाही. नियमाचा मसुदा त्यांनी त्यानंतर लिहिला होता. एखादा माणूस पडलाच, तर जबाबदार कोण, असं त्यांनी निलोफरला विचारलं. उत्तर शालनबाईंनी दिलं. "पडणारच की साहेब. पडू नये म्हणून बसवून ठेवलेलं माणूस उठल्यावर आधी पडतं."

ते यायला तयार झाले.

नोव्हेंबरातल्या एका स्वच्छ सकाळी पाटणच्या स्टँडावरून गाडी सुटली. आत बारा माणसं आणि त्यांच्या पुढं शालनबाई, सगळ्यांच्या खांद्यांना सैल पट्टे, हात मोकळे. वाघुळदे पुढच्या बाजूला दांडा धरून उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. ही माणसं उभी असताना त्यांना बसवेना. ऋतुजा निलोफरशेजारी पडद्यापाशी होती.

कोयनानगर गेलं, हेळवाक गेलं आणि गाडी घाट उतरायला लागली. डाव्या हाताला दरी आणि तिच्या तळाशी निळसर धुकं. शालनबाईंनी एकेकाला बोलतं केलं होतं. मागं कुणीतरी भेंड्या लावल्या होत्या, गुरव गुरुजी शेजारणीला कोयना धरण बांधलं तेव्हाची, वडिलांकडून ऐकलेली हकिगत सांगत होते. वळणामागून वळण येत होतं आणि शेतातल्या जोंधळ्यावरून वारा जावा तशी ती बारा माणसं एका बाजूला कलत होती, परत येत होती, दुसऱ्या बाजूला कलत होती. वाघुळद्यांच्या हातातल्या पडद्यावर बारापैकी बारा आकडे लाल होते आणि समोर एकही माणूस पडत नव्हतं.

सातव्या-आठव्या वळणापलीकडं रस्त्याच्या मधोमध गवा उभा होता.

चालकानं ब्रेक दाबला. असा ब्रेक त्या गाडीत आधी कुणी अनुभवला नव्हता. पुढच्या बाकाखालचा पाण्याचा कॅन उडून दारावर आपटला. वाघुळद्यांचा दांड्यावरचा हात सुटला आणि ते गुडघ्यांवर आले. शालनबाई त्या क्षणी मागं वळून कुणालातरी गाणं सुचवत होत्या. त्यांना ब्रेक दिसला नाही, ऐकूही आला नाही. एवढंच कळलं, की शरीर पुढं चाललंय, आणि त्याच क्षणी काहीतरी जमिनीवर घट्ट टेकलं आणि शरीर थांबलं.

त्यांनी खाली बघितलं. तो डावा पाय होता. हातभर पुढं पडला होता, गुडघ्यात वाकला होता, सगळा भार त्याच्यावर होता. दोन वर्षं सांगितल्याशिवाय हलला नव्हता तो पाय. आज त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी मान वर केली तेव्हा सगळे उभे होते. एक सोडून. उंडाळ्याचे पाटील आपल्या पट्ट्यात झोक्यासारखे लटकले होते आणि पाय शोधत होते. पण बाकीचे अकरा, कुणी एक पाऊल पुढं, कुणी दोन, कुणी शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून, उभे होते. बाहेर गव्यानं एकदा गाडीकडं बघितलं आणि तो सावकाश झाडीत गेला.

गुरव गुरुजींनी खाली वाकून वाघुळद्यांना हात दिला. "साहेब," ते शाळेतल्या आवाजात म्हणाले, "गुडघे जरा सैल ठेवत चला."

आधी वाघुळदेच हसले. मग सगळी गाडी हसायला लागली आणि ते हसणं थांबेना. पाटील लटकल्या लटकल्या हसत होते. येताना मला पुन्हा उभं करा म्हणाले, आणि परतीचा सबंध घाट ते पाय टेकून चढले. शालनबाई हसता हसता रडायला लागल्या होत्या. ऋतुजा पडद्यापासून उठली, वाटेतून चालत आईपर्यंत आली आणि तिच्याशेजारी उभी राहिली, दांडा न धरता. गाडी सुरू झाली तशी ती हेलपाटली. शालनबाईंनी तिच्या गुडघ्यामागं हलकेच टकटक केलं. ऋतुजानं गुडघे सैल सोडले. पोफळीपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या.

जानेवारीत समितीनं नियम बदलला. नुसत्या डुलण्यावरून कुणालाही घराबाहेर काढायचं नाही. आता पट्टा दोन गोष्टी मोजू लागला, धक्का बसल्यावर माणूस किती वेळात सावरतं आणि दिवसातला किती वेळ ते स्वतःच्या पायांवर असतं. कराडच्या आवारातल्या त्या सांगाड्यासारखे आणखी नऊ सांगाडे वेगवेगळ्या जिल्ह्यांत उभे राहिले आणि तिथं शिकवायला निवृत्त वाहक बोलावले गेले, बहुतेक बायका. त्यांना शिकवायला शालनबाई जात. एकट्यानं राहणारे ते सातही जण आपापल्या घरी राहिले. ऋतुजानं फोनवरची सावध करणारी घंटा बंद केली. पडल्याची खबर मात्र तिनं चालू ठेवली, आणि आईनंही ती राहू दिली.

ती खबर मे महिन्यात आली. ऋतुजा कामावर होती. फोनवर दोन ओळी उमटल्या. पहिली ओळ: पडल्याची नोंद, अकरा वाजून सहा मिनिटं. तिचं बोट फोन लावायच्या खुणेवर गेलं आणि तिथंच थांबलं. समोरच्या पडद्यावर शहराचं पाणी आपल्या वाटेनं वाहत होतं. तिनं श्वास धरला होता, तो तिनं मुद्दाम सोडला. मग दुसरी ओळ वाचली: उठल्याची नोंद, अकरा वाजून सात मिनिटं.

एवढ्यात फोन वाजला.

"ऋतू, पडले गं," शालनबाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती आणि मागं कुठंतरी झाडू आपटल्याचा आवाज येत होता. "उठले पण. अर्धं अंगण राहिलंय अजून, झाडून झालं की बोलते."

आणि त्यांनी फोन ठेवला.